पहिला डिजिटल कॅमेरा: डोळ्यांना दिसतं ते फोटोत का येत नाही?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. ताईने नवा कॅमेरा घेतला आणि तिचा निकॉन डी३५०० माझ्याकडे आला. सोबत १८-५५ची किट लेन्स, बॅग आणि "ऑटोवर ठेव आणि काढत सूट" एवढा उपदेश. राहते साताऱ्यात, त्यामुळे विषयांना तोटा नाही. मोबाईलवर माझे फोटो बरे येतात असं घरचे म्हणतात. या कॅमेऱ्याने मात्र डोकं फिरवलंय.

लोणंदला माउलींच्या पालखीचे फोटो काढले. पांढरेशुभ्र सदरे, धोतरं, टोप्या, आणि फोटोत सगळे धुऊन धुऊन मळकट झाल्यासारखे करडे. पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. दोन्ही बाजूंचे वारकरी ठसठशीत आलेत, पळणारा अश्व तेवढा पुसल्यासारखा. (त्या फोटोचे आकडे: शटर, म्हणजे उजेड आत येऊ देण्याचा वेळ, १/८० सेकंद; अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/५.६; आयएसओ, म्हणजे उजेडाला संवेदनशीलता, १००. आयएसओ १०० का, तर "१०० म्हणजे सर्वोत्तम दर्जा" असं एका व्हिडिओत ठासून सांगितलं होतं.) लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीत वेगळीच तऱ्हा. आकाश नीट आलं तर विहीर काळीठिक्कर, विहिरीचे दगड दिसायला लागले तर आकाश पांढरंफटक. आणि घरात संध्याकाळी पुतण्याचे फोटो काढले की तो कावीळ झाल्यासारखा पिवळा आणि वर हललेला.

मॅन्युअल वाचायला घेते, दहाव्या पानाला झोप लागते. भिंग, सेन्सर वगैरेचं शास्त्र नको असं नाही, पण आधी हे चार गुंते सोडवून द्या.

आळशी_मांजर

जाणकारांच्या प्रतीक्षेत खुर्ची टाकून बसलो आहे. माझ्याकडेही कपाटात एक कॅमेरा पडून आहे.

रापलेला_भटक्या

ऑटो आजच्या आज बंद. वरची चकती एम वर फिरवायची आणि परत हलवायची नाही. अॅपर्चर, शटर, आयएसओ तिन्ही स्वतः ठरवायचे. महिनाभर फोटो घाण येतील, येऊ देत. त्याशिवाय फोटोग्राफी येत नाही. ऑटोवर काढायचं असेल तर मोबाईल काय वाईट आहे?

जुना_रोल

चाफेकळी, कॅमेरा ठणठणीत आहे तुमचा. भटक्या म्हणतात तसं एम वर लगेच जायचीही गरज नाही, त्यावर नंतर भांडू.

आधी मळकट सदरे. कॅमेऱ्याला समोर वारकरी आहे की म्हैस आहे हे कळत नाही. त्याच्या आत प्रकाशमापक असतो, आपण मीटर म्हणतो. तो समोरून येणारा उजेड मोजतो आणि असं धरून चालतो की दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं असणार. जुने लोक याला अठरा टक्के करडा म्हणतात, म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत फेकणारा. झाडं, माती, माणसं, रस्ते अशा मिसळीच्या दृश्याला हा अंदाज बरोबर बसतो, म्हणून तुमचे बहुतेक फोटो ऑटोवर नीट येतात. पण फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली की मीटरला वाटतं, अरे बापरे, केवढा हा उजेड! आणि तो फोटो गडद करतो. पांढऱ्याचा करडा असा होतो. काळ्या पाषाणाचं देऊळ असेल तर उलट: मीटर घाबरून उजेड वाढवतो आणि काळा दगड राख फासल्यासारखा दिसतो. तुमच्याकडे संगम माहुलीला देवळं आहेत की, जाऊन बघा. हल्लीचं मॅट्रिक्स मीटर याहून हुशार आहे, रंगसुद्धा विचारात घेतं, तरी पांढऱ्याच्या गर्दीत तेही फसतं.

उपाय तुमच्या बोटाखालीच आहे. डी३५००वर शटरच्या बटणामागे अधिक-उणे चिन्हांचं छोटं बटण आहे. ते दाबून धरायचं आणि मागची चकती फिरवायची. याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. +१ म्हणजे मीटरने ठरवलं त्याच्या दुप्पट उजेड, -१ म्हणजे निम्मा. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. मनाला हे उलटं वाटतं, कारण "आधीच पांढरं आहे, अजून कशाला उजळायचं?" असं वाटतं. सदऱ्यांसाठी +०.७ पासून सुरुवात करा, कमी वाटलं तर +१.

दोन गोष्टी. हे बटण पूर्ण ऑटोमध्ये चालत नाही, त्यासाठी चकती ए वर न्या. (ए म्हणजे अॅपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं. कॅननवाल्यांच्या चकतीवर हेच एव्ही.) आणि काम झालं की आकडा शून्यावर आणा. कॅमेरा बंद करून चालू केला तरी तो आपोआप शून्यावर येत नाही.

हिमकण

रोलकाकांना पूर्ण अनुमोदन. मी टोरांटोत असते. इथे जानेवारीत बाहेर पाऊल टाकलं की सगळं पांढरं, आणि इथल्या प्रत्येक नवख्याचा पहिला हिवाळा निळसर करड्या बर्फाचे फोटो बघण्यात जातो. उन्हातल्या बर्फाला मी सरळ +१.३ ते +१.७ ठेवते. वारकऱ्यांचे सदरे आणि ओंटारियोतला बर्फ यांचा आजार एक निघाला की!

धारोष्ण

आमचा दुधाचा धंदा. मुऱ्हा म्हशींचे फोटो विक्रीसाठी टाकावे लागतात, मी ते भावाच्या कॅननने काढतो. म्हैस फोटोत कायम धुरकट यायची. गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, "तेल लावत नाही का हो हिला?" वरचं वाचून गोठ्यात जाऊन -१ करून बघितलं. म्हैस काळीभोर. इतकं सोपं होतं?

जुना_रोल

इतकंच होतं. फक्त पाठीमागे ऊन तळपत असेल तर उणे करू नका. तिथे मीटर पाठीमागच्या उन्हाला फसून म्हशीला आधीच अंधारात ढकलतो. तेव्हा +१ लागेल. काय पांढरं आहे एवढं बघून भागत नाही, फ्रेममध्ये जास्त जागा कोणी अडवली आहे ते बघायचं.

चाफेकळी

रोलकाका, धन्स! परवा दारातली रांगोळी काढून बघितली, शून्यावर आणि +१ वर. फरक आईलासुद्धा कळला. आता घोड्याचं सांगा. लेन्सवर व्हीआर लिहिलंय, म्हणजे हलणं थांबवणारं ना? मग घोडा का हलला?

जुना_रोल

व्हीआर तुमच्या हाताची थरथर सावरतं, घोड्याचे पाय नाही. १/८० सेकंदात उभा वारकरी जागच्या जागी असतो म्हणून स्वच्छ आला. घोडा तेवढ्यात बराच पुढे गेला. पळत्या घोड्याला किमान १/५००, खरं तर १/१००० हवा.

आता तो शटर आणायचा कुठून? एफ/५.६ हे तुमच्या लेन्सचं ५५ मिमीवरचं सगळ्यात मोठं भोक (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), याहून जास्त ती उघडत नाही. राहिला आयएसओ. उन्हाचा एक जुना ठोकताळा आहे. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवलं तर शटर म्हणजे एकाखाली आयएसओचा आकडा. आयएसओ १००ला १/१००, २००ला १/२००. ढगाळ असेल तर एफ/१६च्या जागी एफ/५.६ धरायचं, हिशेब तोच. आता तुमचे आकडे बघा: आषाढातलं ढगाळ आभाळ, एफ/५.६, आयएसओ १००, शटर १/८०. ठोकताळ्याच्या जवळपास तंतोतंत. आयएसओ ८०० केला असता तर १/८००च्या आसपास मिळाला असता आणि अश्व हवेत थांबला असता. काळे ढग असतील तर १६००.

"१०० म्हणजे सर्वोत्तम" हे स्टँडवर ठेवलेल्या कॅमेऱ्यापुरतं खरं आहे. डी३५०० आयएसओ १६००ला व्यवस्थित फोटो देतो, ३२००ला थोडे दाणे येतात. दाणेदार पण स्वच्छ घोडा आणि गुळगुळीत पण पुसट घोडा, यात घरात कुठला लावाल?

रोज आकडेमोड नको असेल तर मेन्यूत आयएसओ सेटिंगमध्ये ऑटो आयएसओ चालू करा. कमाल ३२०० आणि किमान शटर १/२५० द्या. कॅमेरा शटर त्याखाली जाऊ लागला की आयएसओ स्वतःच चढवेल. पुतण्यालाही हेच औषध. रिंगणाला मात्र एस वर जा (शटर तुमचं, अॅपर्चर कॅमेऱ्याचं) आणि १/१००० स्वतः द्या.

रापलेला_भटक्या

म्हणजे सगळं परत कॅमेऱ्याच्याच गळ्यात! ऑटो आयएसओ काय, ए मोड काय. रोलकाका, तुम्ही तर फिल्मवाले. तुमच्या काळी कुठे होतं ऑटो?

जुना_रोल

भटक्या, आमच्या काळी आयएसओ रोल घालतानाच ठरलेला असायचा आणि छत्तीस फोटो संपेपर्यंत बदलता येत नव्हता. ते गुण गाण्यासारखं नव्हतं, गैरसोय होती. आम्ही लग्नात १००चा रोल घालून हॉलमध्ये गेलो की घाम फुटायचा.

एम वर शिकणारा माणूस काय करतो ते मी बघितलंय. मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत चकती फिरवतो आणि क्लिक करतो. म्हणजे ए मोडने जे क्षणात केलं असतं तेच हाताने, सावकाश, आणि तोवर वारकरी पुढच्या मुक्कामाला. सदरा करडाच. काटा शून्यावर का नको हे कळल्याशिवाय एमचा उपयोग नाही. आणि ते एकदा कळलं की ए वर अधिक-उणेने तेच काम होतं. एम लागतो तो उजेड बदलत नसताना आणि कॅमेऱ्याने मध्येच डोकं चालवू नये असं वाटत असताना: स्टुडिओ, नाटक, रात्रीचे तारे, फटाके.

रापलेला_भटक्या

काजवे! काजव्यांना एमच लागतो, हे तरी मान्य करा. मी दर वर्षी वळवाच्या आसपास भंडारदऱ्याकडे जातो. तिवई, एफ/२.८, आयएसओ १६००, तीस सेकंद. मग तसे बरेच फोटो घरी येऊन एकावर एक चढवायचे. मीटर तिथे काय डोंबल मोजणार?

जुना_रोल

मान्य, हसत हसत मान्य. फक्त तिथे जाताना टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवा. काजवे उजेडाने एकमेकांना शोधतात, आपल्या झगमगाटात त्यांचं जमत नाही.

सदाशिव_पेठी

चर्चा चांगली आहे, पण धाग्याचा मूळ प्रश्न क्र. ३ अनुत्तरित आहे. विहीर.

जुना_रोल

बरोबर पकडलंत. विहिरीचा आजार वेगळा आहे, तिथे अधिक-उणे अर्धवटच कामाला येतं. उतरत्या पायऱ्यांच्या सावलीत आणि वरच्या उघड्या आभाळात उजेडाचा जेवढा फरक आहे, तेवढा एका फोटोत मावत नाही. डोळ्याला दोन्ही दिसतं, कारण डोळा आधी खाली बघतो, मग वर बघतो, आणि दर वेळी स्वतःला जुळवून घेतो. फोटोत ती सोय नाही.

मग निवड करायची. सगळ्यात सोपं म्हणजे आभाळ फ्रेममधून हाकलून द्या. विहिरीतल्या कमानी, मोटांच्या जागा, दगडातलं कोरीवकाम यात आभाळ हवंय कशाला? दुसरं, वेळ बदला. भर दुपारी बाराला जाऊ नका. ढगाळ सकाळी आभाळ आणि दगड यांच्यातली दरी कमी होते. तिसरं, दोन्ही हवंच असेल तर आभाळ सांभाळून काढा, म्हणजे -१ वगैरे, आणि सावली घरी संगणकावर वर उचला. पण त्यासाठी फोटो रॉ मध्ये हवा, म्हणजे सेन्सरने नोंदलेली कच्ची फाईल. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या नेहमीच्या फाईलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. तुमच्या कॅमेऱ्याची रॉ फाईल १२ बिटची, म्हणजे ४०९६ पायऱ्या. अंधारातून खेचून काढायला तिथे माल असतो. उलट मात्र चालत नाही. आभाळ एकदा पांढरंफटक झालं की तिथे काहीच नोंदलेलं नसतं, रॉ असो वा काही. म्हणून मेन्यूत प्लेबॅकच्या पर्यायांत हायलाइट्स चालू करा. जळालेला भाग पडद्यावर लुकलुकतो, मग जागच्या जागी दुसरा फोटो काढता येतो.

सदाशिव_पेठी

आणि संगणकावर सावल्या उचलणं हे फोटो काढणं म्हणायचं की बनवणं? माझ्या मते कॅमेऱ्यातून आलं तेच खरं. हे वैयक्तिक मत.

जुना_रोल

कॅमेऱ्यातून आलेला जेपेग हासुद्धा कुणीतरी केलेलाच असतो. किती गडद, किती रंगीत, कडा किती तासायच्या, हे कंपनीच्या इंजिनिअरने आधीच ठरवून ठेवलेलं आहे. आणि डार्करूममध्ये आम्ही काय करत होतो? एन्लार्जरखाली हाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवायचा आणि आभाळाला जास्त उजेड देऊन गडद करायचं. लाल दिव्याच्या खोलीत आयुष्य गेलं, कुणी खोटारडा म्हणालं नाही. नसलेला चंद्र चिकटवला तर तुमचं म्हणणं मान्य.

चाफेकळी, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, तुमच्या रॉ फाईल त्यात उघडतात. डार्कटेबलही फुकट, पण सुरुवातीला डोळे फिरतील. आणि पुतण्याच्या पिवळेपणाचं उत्तरही यातच आहे. घरातले पिवळे बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचे (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तेवढा उजेड पिवळा), दिवसाचा उजेड ५५००च्या आसपास. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी, ऑटो असला तरी पिवळ्या बल्बखाली कॅमेरा थोडा पिवळा ठेवतोच. रॉ असेल तर नंतर एका सरकपट्टीने निवळतो. जेपेग असेल तर काढतानाच बल्बचं चिन्ह निवडा. त्याहून सोपं म्हणजे पोराला दिवसा खिडकीशी बसवा आणि घरातले दिवे बंद करा. खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडाची सर कुठल्याही फ्लॅशला नाही.

आळशी_मांजर

मी कपाटातला कॅमेरा काढला. निकॉन डी४०. सहाच मेगापिक्सेल आहे, २००६ सालचा. फेकून देऊ का?

हिमकण

अजिबात नाही. ए४ आकाराची उत्तम छपाई ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) करायची तर पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. सहामध्ये त्याहून थोडा लहान प्रिंट झकास येईल आणि फोनच्या पडद्यावर तर कुणाला काही कळणारही नाही. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला त्याला तेवीस सेकंद लागत. तुमचा त्याच्या सहाशे पट आहे.

आळशी_मांजर

कॅमेरा ठेवतो मग. पण व्ह्यूफाइंडरमधून सगळंच अंधुक दिसतं, फोटो मात्र स्वच्छ येतो. बिघडलाय का?

जुना_रोल

डोळा लावायच्या खिडकीशेजारी लहानसा खटका नाहीतर चकती असते, तिला डायॉप्टर म्हणतात. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ती सरकवा. आधीच्या माणसाच्या नंबरावर राहिली असेल. वापरलेला कॅमेरा हातात आला की हे पहिलं काम. चाफेकळी, तुमच्या ताईंना चष्मा असेल तर तुम्हीही बघून घ्या.

चाफेकळी

ताईला चष्मा आहे!! मला वाटत होतं व्ह्यूफाइंडर असाच असतो. काका, तुमचे पाय कुठे आहेत?

आता लेन्सचा प्रश्न. पुतण्यासाठी घरात चालेल अशी, फार महाग नको. ऑफिसातले एक जण जुनी ५० मिमी एफ/१.८ देतो म्हणताहेत, स्वस्तात. शिवाय पक्ष्यांसाठी ७०-३०० घ्यावी का?

हिमकण

थांबा!! त्या ५० मिमीवर एएफ-एस लिहिलंय की नुसतं एएफ आणि शेवटी डी? डी असेल तर तुमच्या कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालणार नाही. डी३५००, डी४०, डी५०००च्या घरातले सगळे, यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. हाताने रिंग फिरवून पळत्या पोराला फोकस करणं भल्याभल्यांना जमत नाही. मराठी घरातल्या खोल्यांच्या मानाने ५० जरा लांबही पडते. या सेन्सरवर ती ७५ मिमीसारखी वागते, पोराला डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं तर भिंतीला टेकावं लागेल. एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी शोधा. किट लेन्स ३५ला साधारण एफ/४.५ पर्यंत उघडते, त्यापेक्षा हिच्यात सहापट उजेड आत येतो. म्हणजे आयएसओ ३२००च्या जागी ५००.

७०-३०० आत्ता नको. आधी किट लेन्सचे १८ आणि ५५ हे दोन्ही टोक ओळखीचे होऊ देत.

रापलेला_भटक्या

३५ला माझंही अनुमोदन. पक्ष्यांचं मात्र ज्याचं त्याने ठरवावं. भिगवणला उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो उतरल्यावर ५५ मिमीने नुसते गुलाबी ठिपके येतात. ठिपक्यांचा कंटाळा आला की घ्या.

जुना_रोल

होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांच्या हातात रोलिफ्लेक्स कॅमेरा असायचा. झूम नाही, एकच लेन्स, एका रोलला बारा फोटो. जवळ हवं तर पायांनी पुढे जायचं. ७०-३००च्या आधी एक महिना झूमला हात न लावता ३५वर काढून बघा, पाय आपोआप चालायला लागतात.

घाटमाथा

चर्चेत एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मी काढतो: बुरशी. मी महाबळेश्वरजवळ राहतो. इकडे पावसाळ्यात बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. एकदा खोलवर गेले की काच कायमची खरवडली जाते. कॅमेऱ्याची बॅग म्हणजे ओलावा धरून ठेवणारा स्पंज, तिच्यात फक्त न्या-आण करा. घरी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल. निळे दाणे असतील तर ओल शोषल्यावर गुलाबी होतात, मग कढईत मंद आचेवर भाजले की परत निळे. ती कढई मात्र वेगळी ठेवा, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, स्वयंपाकाला चालत नाही. शंभर-दोनशे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो तो डब्यात टाका, ४० ते ५० टक्के दिसलं की पुरे. फार कोरडंही नको.

आळशी_मांजर

आई तांदळाच्या डब्यात ठेव म्हणते.

घाटमाथा

आईंना नमस्कार, पण नको. तांदळाची भुकटी झूमच्या फटीत जाते. आणि सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे: कॅमेरा वापरत राहा. उन्हात, हवेत फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही. जाता जाता, विसर्जनाच्या गुलालात लेन्स बदलू नका. गुलाल सेन्सरवर बसला की एफ/१६ला आभाळात ठिपकेच ठिपके. तो कापडाने पुसायला जाऊ नका, हातपंपाने फुंकर मारा, त्याने नाही गेलं तर सेवा केंद्र.

माहेरवाशीण

मला कॅमेऱ्यातलं कळत नाही, वारीतलं कळतं. दर वर्षी सासूबाईंबरोबर थोडं चालते. हल्ली म्हाताऱ्या बायका पाय दाबत बसल्या असतात, डोईवर पदर नसतो, कुणी नहात असतं, आणि समोर चार जण गुडघे टेकून कॅमेरे लावून. एकदा "माउली, काढू का?" विचारलं तर बहुतेकजणी हसून हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर पुढे जायचं. एवढंच लिहायचं होतं.

चाफेकळी

माहेरवाशीण, हे महत्त्वाचं लिहिलंत. मी विचारून काढले तेच फोटो बरे आलेत, असं आत्ता चाळताना दिसतंय. बाकीच्यांत सगळ्यांच्या पाठी आहेत.

सध्याची प्रगती: ३५ मिमी मिळाली. पुतण्या आता गोरा नाही आणि पिवळाही नाही, त्याच्या रंगाचा आहे. विहिरीत ढगाळ सकाळी गेले, आभाळ वगळलं, कमानी मस्त आल्या. पुढच्या आठवड्यात कासचं बुकिंग आहे. फुलांसाठी काही सांगा. अगदी जवळून काढायची मॅक्रो लेन्स नाही.

रापलेला_भटक्या

कासला ३५ घरी ठेवा, किट लेन्स न्या. ती ५५वर असताना पाव मीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते, छोट्या फुलाला पुरेसं आहे. वारा असतो, त्यामुळे एस वर १/५०० आणि आयएसओ वर. वारा दोन झुळकांमध्ये थांबतो, तेव्हा तीन-चार फोटो लागोपाठ. गेंदाचे पांढरे गोळे पठारभर असतील तर +०.७ विसरू नका (बघा, मीही शिकलो). निळ्या सीतेच्या आसवांना आणि तेरड्याच्या गुलाबीला शून्य चालतं. पावसाच्या सरीनंतर लगेच काढा, ढगाखाली रंग गडद येतात.

आणि आखलेली वाट सोडून आत जायचं नाही. पठारावरची माती वीतभरही जाड नसते, एक बूट पडला की तिथली पुढच्या वर्षीची फुलंही गेली. आडवं पडून फोटो काढणारे वीर दिसतील, त्यांच्याकडे बघू नका.

जुना_रोल

एम मोडवाल्याने +०.७ सांगितलं, धागा सत्कारणी लागला.

रापलेला_भटक्या

काका, काजव्यांना या एकदा, तिथे बघतो तुमचा ए मोड.

बोरकूट

उशिरा वाचतोय. माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त फोन आहे. यातलं काही फोनवर चालतं का?

हिमकण

अधिक-उणे जसंच्या तसं चालतं. पडद्यावर ज्याचा फोटो हवा त्यावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वर सरकवलं की उजळ, खाली की गडद. पांढऱ्या मांजराला वर, काळ्या कुत्र्याला खाली. आणि आधी लेन्सवरचा बोटांचा तेलकटपणा पुसा, निम्मे धुरकट फोटो तिथेच सुधारतात.